बंद इंजिनाचा श्वास

एअर फिल्टरच्या डब्यात झेंडूची वाळलेली पाकळी.

दम्याचा निळा पंप. घरात सापडला नाही. गाडीतही नाही.

स्टीलची छोटी डबी, झाकणावर हळदीचं बोट.

अंजनेरी फाट्याच्या अलीकडची बंद रसवंती. तिच्या चरकावर आता माकडं बसतात.

शर्टाचा खिसा.

स्क्रीनवर शून्य. मग... शून्य नाही.

हे तुकडे राहू द्या इथेच पडलेले. आधी एवढं ऐकून घ्या, की हे घडलेलं आहे. नाशिकला, सातपूरच्या पुढे, त्र्यंबक रोडच्या एका आतल्या गल्लीत, हर्षालीच्या गॅरेजमध्ये. गेल्या एप्रिलमधला रविवार.

रात्र नव्हती.

अमावस्या तर नव्हतीच. भर दुपार होती, पत्रा तापून कडकड वाजत होता, समोरच्या गाड्यावर मिरच्या तळल्या जात होत्या आणि त्यांच्या खाटाने गल्ली शिंकत होती. भूत दिसायला काळोख लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट मुद्दाम वाचावी.

गाडी पांढरी. सात सीटची, डिझेल. सायखेड्याच्या जयरामची.

जयराम नाशिकरोड स्टेशनवरून त्र्यंबकेश्वरला भाविक न्यायचा. दसऱ्याच्या दिवशी सकाळी गाडीची पूजा झाली, हार चढला, आणि दुपारी तो भाविकांना आणायला रिकामी गाडी घेऊन त्र्यंबकला निघाला. अंजनेरी फाट्याजवळ त्याला दम्याचा झटका आला. त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

लोक पोहोचले तेव्हा डॅशबोर्डचा कप्पा उघडा होता. मॅट उपसलेल्या. कागदपत्रं पायाशी पडलेली. सगळी गाडी त्याने पालथी घातली होती.

पंप नव्हता.

बोनेटवरचा हार तसाच होता, ताजा.

दहाव्याला बायकांनी जयरामच्या बायकोकडे, मालनबाईकडे पाहिलं. नवऱ्याचा पंप गाडीत आहे की नाही, हे बघायचं कोणी? मालनबाईलाही तो आपलाच दोष वाटत होता.

आणि मग ती गाडी तिथेच अडायला लागली. बरोबर तिथेच.

त्र्यंबककडे जाताना अंजनेरी फाटा आला की तिचा जीव जायचा. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी ओढ नाही. खोकायची, थरथरायची, बंद पडायची. तीन मिस्त्रींनी हात लावला. एकाने डिझेलचा पंप बदलला, एकाने हवेचा फिल्टर, तिसऱ्याने बोनेटला लिंबू-मिरची बांधून दिली.

म्हणून ती हर्षालीकडे आली. हर्षाली इंजिन खोलत नाही. ती स्कॅनर लावते आणि दोष शोधून देते. बाहेरची बाधा हा शब्द तिच्या गॅरेजमध्ये काढला, की ती आधी लिंबू तोडून फेकते आणि मग बोनेट उघडते.

त्या दिवशीही तिने तेच केलं.

"म्याडम, लिंबू कशाला तोडलं?" जयरामचा धाकटा भाऊ सावळीराम दारातूनच म्हणाला. बोलताना त्याचा हात शर्टाच्या खिशाला लागत होता. चापपायचा, काढायचा, परत चापपायचा. "तुमी उगा टाइम घालवू नका. भंगारवाल्याचा टेम्पो सांगून ठेवलाय म्या. संध्याकाळी येतोय. ती गाडी माणूस खाणारी हाय."

"काका, डिझेल खाते ती. तेही जास्त नाही," जयरामची मुलगी निकिता म्हणाली.

"तू गप. तुला काय कळतं?"

"मला गाडी चालवता येते. आप्पांनी शिकवली. तुम्हाला शिकवायला घेतली होती तेव्हा तुम्ही कांद्याच्या चाळीत घातली होती."

मालनबाई स्टुलावर बसली होती, पदराखाली काहीतरी धरून. ती एकदम हसली आणि लगेच गप्प झाली.

निकिताला ती गाडी हवी होती. एवढंच. लायसन होतं, जयरामची, म्हणजे तिच्या आप्पांची, स्टेशनवरची जुनी गिऱ्हाइकं तिला फोन करत होती. गाडी राहिली तर ती त्र्यंबकच्या लाइनला लागणार. गाडी गेली तर परत खळ्यावर कांदे निवडायला बसणार, जशी गेले सहा महिने बसली होती.

"जाग्यावर जाऊन बघा," सावळीराम म्हणाला. "बरुब्बर तिथंच बंद पडते. जिथं दादा गेला."

"तिथून चढ लागतो, काका. चढावर इंजिनाला जास्त हवा लागते," हर्षाली म्हणाली. "चढ आहे, भूत नाही."

तिने स्कॅनर जोडला.

आता थोडं यंत्राचं ऐका, फार नाही. इंजिन जिथून हवा ओढतं त्या नळीत एक सेन्सर असतो. एअरफ्लो सेन्सर. त्याच्यात नखाएवढी पातळ पट्टी असते, कायम तापलेली. हवा गेली की ती गार होते. किती गार झाली, त्यावरून हवा किती आली ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं, आणि तेवढंच डिझेल तो सोडतो. सेन्सरने हवा कमी सांगितली की डिझेल कमी. मग सपाटीला गाडी चालते, चढावर धापा टाकते.

याची एक गावठी परीक्षा आहे. सेन्सरचा प्लग उपटायचा. मग कॉम्प्युटर त्याचं ऐकणं सोडतो आणि स्वतःच्या अंदाजाने चालवतो. प्लग काढल्यावर गाडी सुधारली, तर सेन्सर खोटारडा.

हर्षालीने प्लग उपटला. निकिताने गल्लीच्या टोकापर्यंत गाडी नेली.

गाडी उडाली. मिरच्या तळणारा पोरगा झारा घेऊन बाजूला झाला.

"ताई!" निकिता खिडकीतून ओरडली. "ओढतेय! बैलासारखी ओढतेय!"

"सेन्सर," हर्षाली म्हणाली, आणि फिल्टरचा डबा उघडला.

फिल्टर भलत्याच मापाचा. कडेने बोटभर फट. आत झेंडूची वाळलेली पाकळी. आणि सगळीकडे, नळीत, सेन्सरच्या तोंडाशी, त्या नखाएवढ्या पट्टीवर... करड्या रंगाची बारीक पूड.

रस्त्याची धूळ अशी नसते. हर्षालीने बोटावर घेऊन वास घेतला. कापूर.

मागे स्टूल सरकलं. मालनबाई उभी राहिली होती. पदराखालून तिने स्टीलची डबी काढली.

"मी फुकते," ती म्हणाली. "ते गेल्यापासून, दर शनवारी. मारुतीचा अंगारा हाय, अंजनेरीचा. आजारी माणसावर फुकतो ना आपण? तसा. ते मला दाखवायचे बोनेट उघडून. म्हणायचे, मालन, हे गाडीचं नाक. हिचं नाक माझ्यापरीस बरंय. म्हणून मी नाकात फुकते."

"वहिनी!" सावळीरामने कपाळावर हात मारला. "येडी झाली का तू?"

"ती वेडी नाही. फिल्टर टाकणारा मिस्त्री वेडा," हर्षाली म्हणाली. मग डबी हातात घेऊन तिने ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "हे बघा तुमचं भूत, काका. राख. सापडलं."

इथे गोष्ट संपायला हवी होती. कुठल्याही गॅरेजमध्ये ती इथेच संपते.

नवा सेन्सर बसवला. बरोबर मापाचा फिल्टर बसवला. नळी पुसून काढली. मग शेवटची तपासणी:

चावी चालू.
इंजिन बंद.
हवा ओढणारं कोणी नाही. आकडा शून्य हवा.

आकडा शून्य होता.

मग...

वर गेला.

थोडासाच. आणि खाली आला. हळूहळू, जड पाय टाकत जिना उतरल्यासारखा. शून्य. जरा थांबला. परत वर. झटकन वर, आणि खाली येताना रेंगाळत, अडखळत.

पंख्याचा वारा असेल. हर्षालीने पंखा बंद केला.

वर. खाऽऽली.

शटर ओढून घेतलं. हवा थांबली. मिरच्यांचा वास थांबला. समोरच्या झाऱ्याचा आवाज थांबला. पत्रा कडकडायचाही थांबला, आणि हे हर्षालीला आवडलं नाही, कारण ऊन तर तसंच होतं.

वर. खाऽऽली.

तिने हात पुसायचं फडकं घेतलं आणि हवा आत जाते त्या नळीच्या तोंडाशी दोन बोटांत लोंबतं धरलं.

फडकं... नळीला चिकटलं.

मग सुटलं. मग चिकटलं.

निकिताने बोनेटची कड धरली होती, तिची नखं पांढरी पडली होती.

"प्लग काढते," हर्षाली स्वतःशीच म्हणाली, आणि नव्या सेन्सरचा प्लग उपटला. आता वायरच नाही. आता स्कॅनरवर एकच आकडा गोठून बसायला हवा. अंदाजाचा. निर्जीव.

वर. खाऽऽली.

प्लग तिच्या हातात होता. लोंबत होता. आकडा श्वास घेत होता.

"दमा असाच असतो, ताई," मालनबाई हळूच म्हणाली. ती घाबरलेली नव्हती. स्क्रीनकडे ती अशी बघत होती, जसं माणूस पाळण्याकडे बघतं. "आत घ्यायला लवकर. बाहेर सोडायला जीव जातो. रातभर उशाशी बसून ऐकलंय मी. हे तेच हायेत."

सावळीराम शटरला पाठ लावून उभा होता. हात खिशावर.

"टेम्पो बोलवतो," तो म्हणाला. "आत्ताच बोलवतो."

तेव्हा हर्षालीला राग आला. खराखुरा. तिने प्लग परत खटकन बसवला, बोनेट आपटलं आणि गाडीला उद्देशून, भर दुपारी, चारचौघांत बोलली:

"श्वास घ्यायचाय ना? घे. माझी ना नाही. पण माझं काम झालंय, सेन्सर नवा आहे, आणि ही गाडी चढ चढणार. आडवं येऊ नकोस."

मग सावळीरामकडे वळली. "काका, टेम्पो थांबवा. आत्ता अंजनेरीला जाऊ. बंद पडली तर तिथूनच भंगारात घाला, मी ढकलू लागते. नाही पडली तर गाडी निकिताची. पण तुम्ही गाडीत बसायचं. मागाहून मी नव्हतो असं म्हणायला नको."

"म्या नाय बसत."

"का?" निकिता म्हणाली. "माणूस खाते म्हणून? मी पुढे बसतेय, काका. आधी मला खाईल. तुम्हाला उतरायला वेळ मिळेल."

तो बसला. मागच्या सीटवर, मालनबाईच्या शेजारी, दाराचं हँडल धरून.

निकिता चालवत होती. हर्षाली शेजारी, मांडीवर स्कॅनर. महिरावणी मागे पडली. गाडी मऊ लोण्यासारखी चालली होती. इंजिन जसं ओढायचं तसं ओढत होतं, आकडे जसे हवेत तसे. रस्त्यात एका ट्रॅक्टरला निकिताने सहज मागे टाकलं आणि आरशात काकाकडे बघून भुवया उडवल्या.

"बघा. खातेय का?"

बंद रसवंती दिसली. चरकावर माकडं होती. एरवी गाडी आली की दात विचकणारी, पिशव्या ओढणारी ती माकडं... सगळी पाठ फिरवून बसली.

चढ लागला.

निकिताने पाय दाबला. इंजिनाचा आवाज भरला. ओढ होती. पुरेपूर ओढ होती. गाडी खोकली नाही, थरथरली नाही. हर्षालीच्या ओठांवर हसू आलंच होतं, तेवढ्यात...

खट्.

डॅशबोर्डचा कप्पा आपोआप उघडला.

त्यात काही नव्हतं. तरी आतला एक कागद हलला. सरकला. कोणीतरी हाताने चाचपावं तसा.

आणि मागून आवाज आला. शिट्टीसारखा. बारीक.

सावळीराम होता. डोळे फाटलेले, तोंड उघडं. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. आयुष्यात त्याला कधी दमा नव्हता. त्याचा हात खिशात गेला, खिसा त्याने उलटा केला, फाटेपर्यंत ओढला, आणि समोरच्या उघड्या कप्प्याकडे बघत घरघरत म्हणाला,

"दादा... आता नाय माझ्याकडं. आता नाय..."

"थांबव!" मालनबाई ओरडली. "निकिता, गाडी थांबव!"

"नाही," निकिता म्हणाली.

तिने आरशात पाहिलंही नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलला नाही. "इथे थांबणार नाही. आप्पा इथे थांबले होते. ताई, सगळ्या काचा खाली घ्या. काका! माझं ऐका. ओठ गोल करा. भाकरीवर फुंकर मारतात तशी मारा. आत घेऊ नका, बाहेर सोडा आधी. मी आप्पांना सांगायचे तसं सांगतेय. सोडा. अजून सोडा. आप्पा, तुम्हीपण सोडा! मला पुढे जायचंय!"

काचा उतरल्या. गरम वारा आत घुसला. कप्प्याचं दार फडफडलं.

हर्षालीने स्कॅनरकडे बघितलं. इंजिन जोरात ओढत होतं, आणि आकडा...

खाऽऽली येत होता. खाली. खाली. शून्य. हवाच नव्हती, आणि गाडी चढत होती.

फाटा गेला. चढ संपला.

आकडा उडी मारून जागेवर आला. मागे सावळीराम मोठ्याने रडावं तसा श्वास सोडत होता. मालनबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, जसा कित्येक रात्री दुसऱ्या एका पाठीवरून फिरवला असेल.

त्र्यंबकला स्टँडपाशी सावळीराम उतरला. टेम्पोवाल्याला त्याने तिथूनच फोन केला, नको म्हणून. मग मालनबाईच्या पायांना हात लावला. दिराने वहिनीच्या पाया पडावं, यात काही नवल नाही, पण तो उठेचना. ती "उठा भावजी, लोकं बघत्यात" म्हणत राहिली. सायखेड्याला तो एसटीने गेला.

गाडी निकिताची झाली. ती आता रोज त्र्यंबकला जाते. सर्व्हिसिंगला हर्षालीकडेच येते. हर्षाली दर वेळी चावी चालू, इंजिन बंद ठेवून आकडा बघते. शून्य असतो. पुष्कळ वेळ बघत बसते, तरी शून्यच असतो. पण जुना सेन्सर तिने फेकलेला नाही, आणि तो ज्या खणात आहे तिथे ती फडकी ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र तिला विचारावीशी वाटत नाही आणि विचारल्याशिवाय राहवतही नाही.

निकिताने डॅशबोर्डच्या कप्प्यात एक नवा निळा पंप आणून ठेवला आहे. त्याच्या पाठीवर छोटी खिडकी असते, किती वेळा ओढता येईल त्याचा आकडा दाखवणारी. पंप कोणी वापरत नाही. गाडीत कोणाला दमा नाही.

आकडा... कमी होत जातो.

"गळत असेल," हर्षाली एकदा म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला पटला नाही.

निकिताने कप्पा बंद केला आणि चावी फिरवली.

"असू दे ना, ताई. लागतो तेवढा घेऊ दे. संपला की मी दुसरा आणते. पण गाडी मी थांबवणार नाही."

त्या दसऱ्याच्या सकाळी, पूजेआधी, गाडी सावळीरामने धुतली होती, आणि पाणी लागू नये म्हणून डॅशबोर्डवरचा निळा पंप आपल्या शर्टाच्या खिशात ठेवला होता. तो तिथेच राहिला.